माझ्या गाईडमधली तीन खोटी वाक्यं

गेल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर एक गूगल डॉक आला. सोबत मेसेज: ‘दादा, पुढच्या महिन्यात रिजायनाला येतोय. हे गाईड खरं आहे का?’ डॉक उघडला आणि पहिल्या ओळीतच ओळख पटली. तो मीच लिहिला होता. चार वर्षांपूर्वी, इथे येऊन जेमतेम सहा महिने झाले असताना. एका मित्रासाठी लिहिला, त्याने ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठे कुठे फिरला कोण जाणे. आता माझं नाव गळून पडलंय आणि डॉक एकटाच हिंडतोय.

डॉकमधलं बरंच काही अजूनही बरोबर आहे. जॅकेट भारतातून आणू नका, इथेच घ्या. उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच असतं, तेव्हा वाद घालू नका. सस्कॅचवनमध्ये घड्याळ वर्षातून दोनदा मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे घरी फोन करायला साडेअकरा तासांचा फरक बारा महिने तोच राहतो. मसूर डाळ इथे मुबलक मिळते. हेल्थ कार्ड लगेच काढा, फुकट आहे.

पण त्याच डॉकमध्ये तीन वाक्यं आहेत, ज्यांची आता लाज वाटते. नुसती डिलीट करून भागणार नाही, कारण कॉप्या माझ्या हातात नाहीत. शिवाय ती एकट्या माझी नाहीत. कुठल्याही गणपतीच्या जेवणात, कुठल्याही ‘कॅनडा पीआर’ व्हिडिओच्या पाचव्या मिनिटाला ती ऐकू येतात. म्हणून एकेक घेतो.

पहिलं वाक्य: ‘इथे बघायला काही नाही, सगळं सपाट आहे.’

सस्कॅचवनचं क्षेत्रफळ साडेसहा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,३२,५०५, म्हणजे २०११ च्या सोलापूर शहराहून थोडी जास्त. हे आकडे वाचून ‘रिकामं’ हा शब्द सुचतो, मलाही सुचला होता. पण मी तेव्हा बघितलं काय होतं? विमानतळ, ऑफिस, वॉलमार्ट आणि रिजायना ते सस्कटून हा हायवे. दादर ते ठाणे लोकल केली आणि म्हणालो महाराष्ट्रात डोंगर नाहीत, त्यातली गत.

प्रांताचा साधारण निम्मा भाग जंगल आहे. उत्तरेला कॅनेडियन शील्डचा जुना खडक वर आलेला आहे आणि त्यात पाणी साचून झालेली सरोवरं आहेत. सगळी मोजली तर लाखाच्या घरात. अगदी वर, अथाबास्का सरोवराच्या दक्षिण काठाने, शंभरेक किलोमीटर वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. नैर्ऋत्येला सायप्रस हिल्स, प्रांताचा सगळ्यात उंच भाग. जे खरोखर सपाट आहे, ते रिजायनाचं मैदान, तेही उगाच सपाट नाही. हिमयुग सरताना तिथे वितळलेल्या बर्फाचं मोठं सरोवर होतं, त्याचा तळ म्हणजे हे मैदान. ती चिकणमाती सुकली की भेगाळते आणि भिजली की बुटाला किलोकिलोने चिकटते. बार्शीच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं होतं. मला वाटलं नाही, कारण मी खाली बघतच नव्हतो.

नावंही मी कधी वाचली नव्हती. सस्कॅचवन हा क्री भाषेतला शब्द, वेगाने वाहणाऱ्या नदीचं नाव. सस्कटून हे एका जांभळ्या रानफळावरून आलेलं. रिजायना मात्र १८८२ साली व्हिक्टोरिया राणीच्या मानाने ठेवलेलं. त्याआधी या जागेला क्री लोक ‘हाडांची रास जिथे आहे ती जागा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखायचे. बायसनची हाडं. आपण संध्याकाळी जिथे चालायला जातो, त्या वास्काना तळ्याच्या नावात तोच शब्द दडलाय. ज्या गावाच्या नावातच हाडांचा ढीग आहे, तिथे ‘काही नाही’ म्हणणाऱ्याने निदान एवढं विचारावं की हाडं कुणाची, आणि ती जनावरं गेली कुठे?

दुसरं वाक्य: ‘प्रांत नवा आहे, १९०५ चा. इतिहास वगैरे काही नाही.’

हे वाक्य लिहिताना मला फार शहाणं वाटलं होतं. शिवनेरीच्या देशातून आलेला माणूस, याला १९०५ म्हणजे कालपरवा. १ सप्टेंबर १९०५ ला अल्बर्टा आणि सस्कॅचवन हे प्रांत झाले, ही तारीख खरी आहे. पण महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं. आपला इतिहास कुणी तिथून सुरू करतो का?

सस्कटूनजवळ वानुस्केविन नावाची जागा आहे. तिथे माणसाच्या वावराच्या खुणा सहा हजार वर्षांमागे जातात. २०१९ च्या शेवटी तिथे बायसन परत आणले गेले. मी इथे आल्यावर तीन वर्षं तिकडे फिरकलो नाही. बॅन्फला मात्र दोनदा जाऊन आलो, फोटोंसाठी.

आता एक गोष्ट सांगतो जी शाळेत दोन अर्धवट तुकड्यांत शिकवली गेली असती तरी चाललं असतं. १६६८ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. हे आपल्याला माहीत असतं, क्विझमध्ये येतं. त्याच राजाने दोन वर्षांनी, १६७० साली, हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा प्रदेश हडसन्स बे कंपनीच्या नावावर केला. तो प्रदेश त्याने पाहिला नव्हता आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. आजच्या सस्कॅचवनचा बहुतेक भाग त्यात आला. दोनशे वर्षांनी, १८७० साली, कंपनीने तो कॅनडाला दिला. बदल्यात तीन लाख पौंड, शिवाय सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा स्वतःकडे. एकच सही, एकच धंदा, दोन खंड.

मग मोजणी आली. हे मला कामामुळे कळलं. आमच्या प्रॉडक्टला ग्रामीण पत्ते वाचता यावेत म्हणून मी कोड लिहीत होतो. इथल्या शेताचा पत्ता म्हणजे निव्वळ कोऑर्डिनेट. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. आमच्या सातबाऱ्यावरचा गट ओढ्याने वळतो, बांधावरून भावकीत भांडणं होतात. इथे ओढा असो की डोंगर, रेघ सरळ जाते. खुद्द प्रांताच्या सीमासुद्धा नकाशावर आखलेल्या आहेत, एकही नदी किंवा डोंगररांग त्यात नाही. मला हे इतकं आवडलं की मी टीमला म्हणालो, जगातला सगळ्यात स्वच्छ डेटाबेस आहे हा.

टीममधल्या एक क्री बाई, वयाने माझ्या आईएवढ्या, शांतपणे म्हणाल्या, “हो. आधी टेबल रिकामं करून घेतलं होतं.”

त्या एका वाक्यानंतर मी वाचायला लागलो. टेबल कसं रिकामं केलं ते थोडक्यात सांगतो.

१८७४ साली फोर्ट क्वापेलला चौथा करार झाला, रिजायना त्याच्या हद्दीत येतं. १८७६ साली फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिटला सहावा करार झाला, सस्कटून त्यात येतं. क्री, सोतो आणि इतर राष्ट्रांनी ब्रिटिश राजसत्तेशी केलेले हे करार आहेत. सहाव्या करारात दुष्काळ पडला किंवा साथ आली तर मदत करण्याचं कलम होतं, औषधांच्या पेटीचं कलम होतं. लोकांनी ते भांडून घालून घेतलं होतं, कारण बायसन संपत आल्याचं त्यांना दिसत होतं. १८८० च्या आसपास कळप खरोखर संपले आणि उपासमार सुरू झाली. तेव्हा करार पाळला गेला का? १८८२ साली पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांनी संसदेत सांगितलं की खर्च वाचवण्यासाठी लोक उपासमारीच्या काठावर येईपर्यंत त्यांना अन्न नाकारलं जातंय. खर्च फार होतो म्हणणाऱ्या विरोधकांना दिलेलं ते उत्तर होतं. करारावर सही न करता सहा वर्षं ताठ राहिलेला मिस्ताहिमस्क्वा, ज्याला इंग्रजीत बिग बेअर म्हणतात, त्यालाही त्याच वर्षी भुकेपुढे सही करावी लागली. रिजायना विद्यापीठातले इतिहासकार जेम्स डॅशक यांनी या भुकेवर २०१३ साली अख्खं पुस्तक लिहिलंय.

बार्शीच्या माणसाला हे परकं वाटू नये. १८७६-७८ च्या दुष्काळात आमचा सोलापूर जिल्हा होरपळला, तेव्हा सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरतो असं ठरवलं. कारण तेच, खर्च वाचवायचा. तेच साम्राज्य, तीच वर्षं, तीच वही.

नदीकाठच्या मेटी लोकांची शेतं लांब अरुंद पट्ट्यांची होती, प्रत्येकाला पाण्यापर्यंत वाट मिळावी म्हणून. सरकारी चौकोन त्यावरून जाणार, ही १८८५ च्या उठावामागची एक मोठी धास्ती होती. मे महिन्यात बटॉशला चार दिवस लढाई झाली. गॅब्रिएल द्युमाँ निसटला, लुई रिएल शरण आला. १६ नोव्हेंबर १८८५ ला रिएलला रिजायनात फाशी दिलं. अकरा दिवसांनी बॅटलफोर्डला आठ आदिवासींना एकत्र फासावर चढवलं. सरदार पाउंडमेकरला तुरुंगात टाकलं, आणि तो दोषी नव्हता हे कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१९ साली मान्य केलं. १३४ वर्षांनी.

तेव्हा इतिहास नाही असं म्हणताना आपण नकळत कुणाची बाजू घेतो, ते बघा. ज्यांनी पाटी पुसली, त्यांना ती कोरी होती असंच सांगायचं असतं.

आणि याच प्रांतात अभिमानाने सांगावं असंही घडलंय, तेही माझ्या डॉकमध्ये नव्हतं. १९४४ साली टॉमी डग्लस या बाप्टिस्ट पाद्र्याच्या नेतृत्वाखाली इथे उत्तर अमेरिकेतलं पहिलं समाजवादी विचारांचं सरकार निवडून आलं. १९४७ साली सरकारी हॉस्पिटल विमा आला. १ जुलै १९६२ ला सगळ्यांसाठी वैद्यकीय विमा सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, आणि सरकार हटलं नाही. पुढे अख्ख्या कॅनडाने तेच मॉडेल घेतलं. मी ज्याला ‘फुकट’ लिहिलं ते हेल्थ कार्ड कुणी तरी भांडून मिळवलेलं आहे.

तिसरं वाक्य: ‘अमुक भागात घर घेऊ नका, तिथे नेटिव्ह लोक जास्त राहतात.’

डॉकमध्ये भागाचं नाव होतं. इथे ते पुन्हा लिहिणार नाही.

हे वाक्य मी शोधून काढलं नव्हतं. मला एका ओळखीच्या काकांनी सांगितलं, त्यांना आणखी कुणी सांगितलं असेल. सोबत बाकीचा संचही मिळाला. ते लोक काम करत नाहीत, दारू पितात, सरकार त्यांना फुकट पैसे देतं, आपल्या टॅक्सवर बसून खातात. मी मान डोलावली. कारण हा संच मला पाठ होता. बार्शीत, पुण्यात, कॉलेजच्या कँटीनमध्ये आरक्षणाचा विषय निघाला की हीच वाक्यं याच क्रमाने यायची. फक्त माणसं बदलली होती.

पुण्यात मी आणि माझा बॅचमेट फ्लॅट शोधत होतो. मालकांनी चहा पाजला, गाव विचारलं, मग आडनावं विचारली. माझं चाललं. त्याचं ऐकल्यावर ‘फॅमिलीला द्यायचा विचार आहे’ असं झालं. जिन्यात तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या खंडात जाऊन मी स्वतःच तो मालक झालो, आणि माझा नकार तर गूगल डॉकमध्ये होता. शेअर करण्याजोगा.

आता त्या ‘फुकट’चा हिशेब करू. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फी भरली की १६० एकर मिळायचे, काही वर्षं राहून कसून दाखवायची अट. प्रांताची लोकसंख्या १९०१ साली ९१ हजार होती, ती १९११ साली ४ लाख ९२ हजार झाली. युक्रेनियन, जर्मन, स्कँडिनेव्हियन, डूखोबोर असे लोक आले, त्यांनी मर मर मेहनत केली, हे कुणी नाकारत नाही. पण १८७६ च्या इंडियन ॲक्टने आदिवासींना ही १६० एकरांची योजना घ्यायलाच बंदी केली होती. ज्यांची जमीन, त्यांनाच अर्ज करता येत नव्हता.

ते रिझर्व्हवर शेती करायला लागले. चांगली करायला लागले. तेव्हा, १८८९ पासून, हेटर रीड या अधिकाऱ्याने धोरण आणलं की त्यांनी यंत्रं वापरायची नाहीत, हातअवजारांनी छोटी शेती करायची. पीक विकायला परमिट लागे. १८८५ नंतर रिझर्व्हबाहेर पडायला पास लागे, ज्याला कुठल्याही कायद्याचा आधार नव्हता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली आपल्याकडे पारध्यांना जी हजेरी द्यावी लागे, तिची ही सख्खी बहीण. करारात कबूल केलेली जमीनही पूर्ण दिली नाही. ती देणं बाकी आहे हे मान्य करून १९९२ साली २५ फर्स्ट नेशन्सबरोबर समझोता करावा लागला.

मुलं निवासी शाळांत नेली गेली, भाषा बोलली तर शिक्षा. पनिची गावाजवळची गॉर्डन्स ही निवासी शाळा १९९६ साली बंद झाली. माझा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाची आई, मावशी, कदाचित मोठा भाऊ त्या शाळांत होते. २०२१ च्या जूनमध्ये काउएसेस फर्स्ट नेशनने जुन्या मॅरिव्हल शाळेजवळच्या दफनभूमीत रडारने ७५१ खुणा नसलेल्या कबरी सापडल्याचं जाहीर केलं. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये सस्कटूनला नील स्टोनचाइल्ड हा १७ वर्षांचा मुलगा गोठून मेलेला सापडला. त्याला शेवटचं पाहिलं गेलं ते पोलिसांच्या ताब्यात, हे मान्य करायला चौकशी आयोगाला २००४ उजाडलं. हे सगळं ज्यांच्या एका हयातीत बसतं, त्यांच्याबद्दल आपण ‘टॅक्सवर खातात’ म्हणतो. कोण कुणाच्या जमिनीवर खातंय?

‘पण आपला काय संबंध?’

हा लेख लिहितोय असं मित्राला सांगितलं तर त्याने हेच विचारलं. आपण ब्राऊन लोक, आपल्यावरही यांनी राज्य केलं, आपण २०२१ ला आलो, कुणाची जमीन लुटली नाही. खरं आहे. एवढंच काय, ज्या वर्षांत पूर्व युरोपात १६० एकरांच्या जाहिराती चालू होत्या, त्याच वर्षांत, १९१४ साली, ३७६ प्रवाशांची कोमागाता मारू व्हँकुव्हरहून परत पाठवली गेली. १९१२ साली याच प्रांताने चिनी मालकांना गोऱ्या बायका कामावर ठेवायला बंदी करणारा कायदा केला. मूस जॉच्या क्वाँग विंगने त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला आणि १९१४ साली तो हरला. आपल्यासारख्यांसाठी हे दार बंदच होतं.

पण आता ते उघडं आहे आणि आपण आत आहोत. माझं पीआर, माझी नोकरी, घराचं कर्ज, हे सगळं त्या करारांनी शक्य केलेल्या जमिनीवर उभं आहे. करारातला एक पक्ष आदिवासी, दुसरा पक्ष राजसत्ता. पीआर घेऊन मी दुसऱ्या पक्षात सामील झालो. फायदे घेतले तर देणंही आलं, एवढं साधं गणित आहे. आणि कॅनडात न आलेल्या वाचकानेही फार निश्चिंत राहू नये. तुमच्या वरणात अधूनमधून पडणारी मसूर इथल्या शेतातून आलेली असू शकते. भारतात पोटॅशचं उत्पादन जवळपास नाही आणि जगातला सगळ्यात मोठा पोटॅश उत्पादक सस्कॅचवन आहे, तेव्हा उसाला घातलेलं लाल पोटॅशही इथल्या जमिनीखालचं असू शकतं.

कुणी म्हणेल, मग काय परत यायचं? नाही. नोकरीसाठी कुठेही जावं, त्यात पाप नाही. गिल्ट काढून इन्स्टावर टाकायचीही गरज नाही. जातीचं बोलणं मात्र विमानातून उतरताना सोबत आणू नये, आणि ‘आपणही पीडितच’ म्हणून सुटका करून घेऊ नये. पीडित असणं हा काही दुसऱ्याला हिणवायचा परवाना नाही.

पुढच्या महिन्यात माझा नागरिकत्वाचा शपथविधी आहे. २०२१ साली या शपथेत बदल झाला. आता आदिवासींचे हक्क आणि करारातले हक्क मान्य करणाऱ्या राज्यघटनेचं पालन करीन, असं उभं राहून म्हणावं लागतं. मी भारतीय पासपोर्ट सोडून ते म्हणणार आहे. इतकं मोठं सोडून जे म्हणायचं, त्यातल्या शब्दांचा अर्थ माहीत असावा, एवढी तरी लाज हवी.

डॉक दुरुस्त केलाय. पहिल्या वाक्याच्या जागी वानुस्केविनला कसं जायचं ते लिहिलं. दुसऱ्याच्या जागी दोन करारांची नावं आणि वर्षं. तिसऱ्या वाक्याच्या जागी भाडेकरूचे हक्क काय असतात ते लिहिलं, आणि खाली एक ओळ: ‘या डॉकच्या जुन्या कॉपीत एका भागाबद्दल जे लिहिलं होतं ते चूक होतं, ते मी लिहिलं होतं.’ सोबत माझं नाव.

त्या मुलाला नवी लिंक पाठवली. त्याचं उत्तर आलं: ‘थँक्स दादा. पण तो एरिया सेफ आहे ना?’

मी त्याला फोन लावला.